थेट

मंगळवारी सकाळी अल कूझच्या गोदामात
आम्ही गुरुवारची दुपार चित्रित केली.
बाहेर सेहेचाळीस अंश. आत हिरव्या कापडापुढे
जोव्हेलिन साहेबांचं कपाळ टिशूने टिपत होती
आणि सजीश म्हणत होता, सर, थोडं डावीकडे,
खिडकी मी मागून लावतो, तिच्यात समुद्रही देतो.

तीन टेक झाले.
पहिल्यात साहेब ‘पुनर्रचना’ या शब्दाला अडखळले.
दुसऱ्यात गळा खरोखर दाटून आला,
अर्धं वाक्य तसंच राहिलं. मुतासिमने हेडफोन
कानापासून जरा लांब धरले,
कुणाच्या उघड्या दारावरून जाताना मान वळवावी तसे.
पण टाय वाकडा होता.
तिसरा पास झाला.

कागदावर माझी सही आधीच होती.
सही म्हणजे मिठाची गुळणी,
फक्त हिचे दिरहम मिळतात.

संध्याकाळी शारजा, अल नहदा, आमची लिफ्ट.
सातव्या मजल्याचे वाळिंबे, त्याच कंपनीत, खरेदी विभागात,
हातात सोफ्याच्या कापडाचे तुकडे.
“वहिनी, तुम्ही सांगा, मोरपिशी की राखाडी?
हेमा म्हणते राखाडी मळत नाही.
चोवीस हप्ते, बिनव्याजी.”
मी म्हणाले, थांबा थोडं,
म्हणजे, पुढच्या महिन्यात सेल लागेल.
एवढंच सुटलं तोंडातून.
ते हसले. “अहो, सेलची वाट बघत
अकरा वर्षं भुईवर बसलोय.”

बुधवारी रनडाउन लिहिला.
दोन अठ्ठावन्न, संगीत, सौम्य.
दोन एकोणसाठ, बोधचिन्ह.
तीन वाजता चित्रफीत, कोपऱ्यात लाल ठिपका, शेजारी ‘लाइव्ह’.
प्रश्नांची चौकट बंद.
हृदयं, टाळ्या, अंगठे, सगळं बंद,
हे त्यांच्या मार्केटिंगच्या मुलीने दोनदा फोन करून सांगितलं.
दुसऱ्यांदा फोन ठेवताना ती उगीच थँक्यू म्हणाली.
तिचं नाव कुठल्या यादीत होतं, मला माहीत नाही.

गुरुवार. पाच, चार, तीन.
दोन आणि एक मी उच्चारत नाही,
ते बोटांनी दाखवायचे असतात.

अकराशे चाळीस माणसं बघत होती.
चौथ्या मिनिटाला अकराशे बारा.
मग हजार एकोणीस. मग नऊशे सत्तर.
जोव्हेलिन घाबरली. मॅडम, लोक गळतायत, आपली लाइन गेली?
मी सर्व्हर पाहिला, बिटरेट पाहिला, बॅकअप पाहिला.
सगळं हिरवंगार.
तिकडे कुणीतरी एकेकाचं लॉगिन बंद करत होतं,
यादी धरून, एबीसीडीच्या ओळीने.
वाळिंबे त्यात अगदी शेवटी येतात.
मी आकड्याकडे बघत बसले, जसं काही
बघत राहिलं की तो थांबतो.
आठशे बारावर थांबला.

क्लायंटचा मेसेज आला, एकदम स्मूथ.
सजीशने समुद्र बंद केला.

रात्री लिफ्टमध्ये सोफा उभा.
मोरपिशी. अंगावर प्लास्टिक तसंच.
दोन हमाल त्याला पाठ लावून, आणि मागून कुठूनतरी वाळिंबे,
“या, या वहिनी, मावाल.”
मी अंग चोरून आत शिरले.
चार मजले कोणी बोललं नाही.
मग सोफ्यामागून आवाज आला,
“दुपारचं तुमच्याच लोकांचं ना?
आवाज अगदी स्वच्छ होता हो.
फक्त तो मागचा समुद्र कुठला?
साहेबांच्या खिडकीतून आमचं पार्किंग दिसतं.”

सातवा आला.
मी दाराचं बटण दाबून धरलं.
सोफा चौकटीत अडकला, हमाल ओढत राहिले,
प्लास्टिक टरकन फाटलं.
तिरका करा, मी म्हणाले,
कानावर हेडसेट असल्यासारखी,
हळू, डावीकडून, आता तिरका करा.